मागचा ब्रेक : एका दुरुस्तीचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर आम्हाला एका श्रोत्याचं पत्र आलं. त्यांच्याकडे वडिलांची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. गाडी चालते, पण ब्रेक मारला की डावीकडे ओढते, आणि घाट उतरताना पेडल हळूहळू खाली जायला लागतं. गॅरेजवाल्याने त्यांना सुचवलंय की मागचे ड्रम काढून टाकू आणि डिस्क बसवू, दोन दिवसांचं काम आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारलंय, "याबद्दल इतिहास काय सांगतो?"

आता खरं तर हा प्रश्न मेकॅनिकला विचारायचा. पण तो इतिहासवाल्यांना विचारला, याचा आम्हाला आनंद झाला, कारण या प्रश्नाला इतिहासाकडे खरंच उत्तर आहे. तेव्हा आजचं व्याख्यान या एका पत्राला उत्तर म्हणून आहे असं समजा.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मागचा ब्रेक सुधारायचा म्हणजे तो जास्त जोरदार करायचा, असं आपल्याला वाटतं. ही समजूत मोटारीच्या इतिहासाने शंभर वर्षांपूर्वीच मोडीत काढली आहे. मागच्या ब्रेकला तीन कामं असतात. गाडी थांबवायला हातभार लावणं, उभी गाडी धरून ठेवणं, आणि थांबताना गाडीची शेपूट सरळ ठेवणं. यातलं तिसरं काम दिसत नाही, म्हणून ते विसरलं जातं. आणि ते विसरून केलेली सुधारणा अंगाशी येते.

चांभाराच्या दुकानात

सुरुवात अगदी सुरुवातीपासून करू. ऑगस्ट १८८८. जर्मनीतल्या मानहाइम गावातून बेर्टा बेंझ या बाई आपल्या दोन मुलांना, ऑयगेन आणि रिशार्ट यांना घेऊन, नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली मोटार घेऊन माहेरी निघाल्या, फोर्त्सहाइमला. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. मोटारीने केलेला पहिला लांबचा प्रवास म्हणून हा प्रसंग सगळ्यांना माहीत असतो. औषधाच्या दुकानातून इंधन विकत घेतलं, हेही बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट त्याच्या पुढची आहे.

त्या गाडीला पुढे एकच चाक होतं, मागे दोन. ब्रेक होते ते मागच्या चाकांना, आणि ते होते लाकडी ठोकळे. चढ-उताराच्या रस्त्यावर ठोकळे झिजायला लागले. तेव्हा बाउश्लॉट नावाच्या गावात बेर्टाबाईंनी एका चांभाराला गाठलं आणि त्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकला लायनर बसवण्याची मोटारीच्या इतिहासातली ही पहिली नोंद. म्हणजे बघा, मोटारीच्या पहिल्याच मोठ्या प्रवासात मागच्या ब्रेकची दुरुस्ती झाली, आणि ती दुरुस्ती हीच सुधारणाही होती.

पुढे साधारण दहा वर्षांनी इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने पाहिलं की डोंगराळ भागातले घोडागाडीवाले उतारावर ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट लावतात. त्यातून त्याने घर्षणाचं चांगलं कापड बनवायला घेतलं, आणि १८९७ मध्ये फेरोडो या कंपनीची सुरुवात झाली. चांभाराचं चामडं आणि गाडीवानाचा बूट. आपण ज्याला आज लायनर म्हणतो त्याचे हे पूर्वज. या फेरोडोकडे आपण पुन्हा येणार आहोत, जरा वेगळ्या कारणाने.

ब्रेक फक्त मागेच का होते?

पहिली तीसेक वर्षं बहुतेक मोटारींना ब्रेक फक्त मागच्या बाजूला होते. फोर्डची मॉडेल टी घ्या. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी गाड्या बनल्या. तिचा पायाचा ब्रेक गिअरच्या यंत्रणेवर लागायचा, म्हणजे शाफ्टमधून शेवटी मागच्याच चाकांवर. हाताचा दांडा ओढला तर तोही मागच्या चाकांच्या ड्रमवर. पुढची चाकं मोकळीच.

याची कारणं साधी होती. पुढची चाकं वळतात. वळणाऱ्या चाकापर्यंत दांडे आणि तारा नेऊन दोन्ही बाजूंना सारखा ब्रेक लावणं अवघड. शिवाय घोडागाडीला ब्रेक मागेच असायचा, ती सवय होती. आणि तिसरं म्हणजे भीती. पुढच्या चाकाला ब्रेक लावला तर गाडी कोलांटी खाईल, असं लोकांना खरोखर वाटायचं. सायकलचा फक्त पुढचा ब्रेक जोरात दाबून जो तोंडावर पडलाय, त्याला ही भीती समजेल.

ब्रेकची रचना मात्र या काळात सुधारली. आधी चाकाच्या धावेवर दाबायचे ठोकळे होते, मग बाहेरून आवळायचा पट्टा आला, आणि १९०२ मध्ये लुई रेनॉ याने आतून पसरणाऱ्या शूंचा ड्रम आणला. ड्रमचा मोठा फायदा असा की घासणारे भाग डब्यात बंद राहतात. चिखल, पाणी, धूळ बाहेर राहते. दुसरा फायदा अधिक गमतीचा आहे. दोन शूंपैकी एक शू असा असतो की फिरणारा ड्रम त्याला आपल्याबरोबर ओढून आणखी घट्ट दाबतो. म्हणजे पायाने थोडा जोर लावला की उरलेला जोर गाडीच लावते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ओझं पुढे सरकतं तेव्हा

एसटीत उभं असताना ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की आपण पुढच्या माणसावर आदळतो. गाडीचंही तसंच होतं. ब्रेक लागला की तिचं ओझं पुढच्या चाकांवर येतं आणि मागची चाकं हलकी होतात. किती? ढोबळ हिशेब करू. पद्मिनीच्या मापाची गाडी, वजन सुमारे ९०० किलो, पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २.३४ मीटर. उभी असताना समजा ४८० किलो पुढे आणि ४२० किलो मागे. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर धरू. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला, तर जवळजवळ दीडशे किलो ओझं मागून पुढे जातं. आता पुढे ६३०, मागे २७०.

म्हणजे जिथे सगळे ब्रेक होते, नेमक्या त्याच चाकांची रस्त्यावरची पकड ब्रेक मारल्याबरोबर कमी व्हायची. जितका जोर लावाल तितकी मागची चाकं हलकी, आणि हलकं चाक चटकन लॉक होतं.

मागचं चाक लॉक झालं की काय होतं, ते घरी करून बघता येईल. मुलांची एखादी खेळण्यातली मोटार घ्या, तिची मागची दोन चाकं चिकटपट्टीने पक्की करा आणि गुळगुळीत फळीच्या उतारावरून सोडा. गाडी गर्रकन फिरून उलटी होऊन खाली येईल. मग मागची मोकळी करून पुढची चिकटवा. गाडी घसरेल, पण सरळ येईल. कारण फिरणारं चाक आडवं घसरायला विरोध करतं आणि घसरणारं चाक कुठल्याही दिशेला घसरतं. मागची चाकं फिरत राहिली, तरच शेपूट मागे राहते. हेच ते न दिसणारं तिसरं काम.

हे कळलेल्यांनी पुढच्या चाकांना ब्रेक लावायचे प्रयत्न लवकरच सुरू केले. स्कॉटलंडची ॲरॉल-जॉन्स्टन, इटलीची इसोत्ता फ्रास्किनी या कंपन्यांनी १९०९-१० च्या सुमारास चारही चाकांना ब्रेक दिले. पण लोकांचा विश्वास बसायला १९२० चं दशक उजाडावं लागलं. १९२१ मध्ये फ्रान्सच्या ग्रां प्रीमध्ये अमेरिकन ड्यूसेनबर्ग गाडी जिंकली, तिला चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक होते. दांड्यांऐवजी नळीतल्या द्रवाने दाब पोचवायचा, त्यामुळे वळणाऱ्या चाकाचा प्रश्नच सुटला. १९२४ मध्ये क्रायस्लरने हायड्रॉलिक ब्रेक सर्वसामान्य गिऱ्हाइकाच्या गाडीत आणले. चार चाकांना ब्रेक असलेली गाडी इतक्या चटकन थांबायची की मागच्याला सावध करायला गाडीच्या पाठीवर लाल त्रिकोण लावायची पद्धत काही ठिकाणी पडली.

तेव्हापासून मागचा ब्रेक दुय्यम झाला, आणि मुद्दाम दुय्यम ठेवला गेला. अभियंत्यांनी ठरवलं की थांबवण्याचं मुख्य काम पुढच्यांनी करायचं. मागच्यांनी मदत करायची, पण पुढच्यांच्या आधी लॉक व्हायचं नाही.

डिस्क आल्या, पण मागे नाही

डिस्क ब्रेकची कल्पनाही तशी जुनीच. फ्रेडरिक लँचेस्टरने बर्मिंगहॅममध्ये १९०२ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. पण ती गाजली १९५३ मध्ये, ल मॉंच्या चोवीस तासांच्या शर्यतीत. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी डनलॉपच्या डिस्क लावलेली जॅग्वार सी-टाइप पहिली आणली. चोवीस तास वेगात चालवून पुन्हा पुन्हा थांबवायचं, तर ड्रम तापतो. तापलेला ड्रम फुगतो आणि शूपासून लांब जातो, म्हणून पेडल खाली जात राहतं. डिस्क उघडी असते, वाऱ्यावर निवते, आणि तापून फुगली तर पॅडच्या जवळच येते.

यानंतर रस्त्यावरच्या गाड्यांत काय झालं, ते पत्रलेखकांनी नीट ऐकावं. १९५५ ची सित्रोएन डीएस : पुढे डिस्क, मागे ड्रम. १९५६ ची ट्रायम्फ टीआर३ : पुढे डिस्क, मागे ड्रम. आणि आपल्या पद्मिनीची सख्खी बहीण, फियाट ११००. इटलीत १९६६ मध्ये फियाटने या गाडीची ११००आर ही सुधारलेली आवृत्ती काढली. ज्यांनी गाडी बनवली त्यांनी स्वतः ब्रेक सुधारायला घेतले तेव्हा काय केलं? पुढे डिस्क बसवल्या. मागचे ड्रम तसेच ठेवले.

मागे डिस्क बसवणारेही होते. १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपला चारही चाकांना डिस्क होत्या, आणि मागच्या तर चाकापाशी नव्हत्या, मध्ये डिफरन्शियलला चिकटून होत्या. चाकांवरचं वजन कमी झालं, गाडी छान पळायची. पण आज ज्यांच्याकडे ही गाडी आहे त्यांना विचारा. डिस्कची उष्णता डिफरन्शियलच्या ऑइल सीलना भाजते, सील गळतं, तेल डिस्कवर येतं. आणि डिस्क बदलायच्या तर नीट कामासाठी मागचं अख्खं सस्पेन्शन पाळण्यासकट खाली उतरवावं लागतं. हँडब्रेकसाठी वेगळे छोटे कॅलिपर द्यावे लागले, ते कधीच फारसे जोरात धरत नसत. वेगासाठी केलेली सुधारणा, तिची किंमत मेकॅनिकच्या पाठीने आणि मालकाच्या खिशाने दिली.

डिस्क काढून ड्रम बसवणारा देश

आता आजच्या व्याख्यानातला आमच्या मते सगळ्यात बोलका दाखला. १९६६ मध्ये फियाटची १२४ ही गाडी आली. साधी चौकोनी कुटुंबाची गाडी, पण चारही चाकांना डिस्क, जे त्या किमतीत फार क्वचित होतं. १९६७ ची 'युरोपातली वर्षातली उत्कृष्ट मोटार' हा मान तिला मिळाला. त्याच १९६६ मध्ये सोव्हिएत सरकारने फियाटशी करार केला. व्होल्गा नदीकाठी, इटालियन कम्युनिस्ट नेते पाल्मिरो तोल्यात्ती यांचं नाव दिलेल्या शहरात कारखाना उभारायचा आणि ही १२४ तिथे बनवायची.

सोव्हिएत अभियंत्यांनी आधी इटालियन गाड्या आपल्या रस्त्यांवर चालवून पाहिल्या. दगडी रस्ते, चिखल, बर्फ. गाडीची हाडं खिळखिळी झाली. आणि मागच्या डिस्क ब्रेकमध्ये पुढच्या चाकांनी उडवलेला चिखल आणि वाळू जाऊन पॅड फार लवकर संपायला लागले. मग त्यांनी काय केलं? मागच्या डिस्क काढल्या आणि ड्रम बसवले. साधे ओतीव नव्हेत, उष्णता लवकर बाहेर टाकणारे ॲल्युमिनियमचे, आत लोखंडी कडं असलेले. जमिनीपासूनची उंची वाढवली, इंजिन बदललं, असे शेकडो बदल झाले. १९७० मध्ये ही गाडी रस्त्यावर आली, झिगुली म्हणून. बाहेरच्या जगात तिला लाडा म्हणतात.

कागदावर पाहिलं तर हे मागे जाणं आहे. चार डिस्कवरून दोन डिस्कवर. पण त्या रस्त्यांवर तो सुधारणेचाच बदल होता.

आणखी एक गोष्ट. या गाडीच्या मागच्या बाजूला, ॲक्सलपाशी, एक लहानसा व्हॉल्व्ह असतो. गाडी ब्रेकने पुढे झुकली आणि मागची बाजू वर उचलली गेली, की हा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकचा दाब कमी करतो. मागे माणसं आणि सामान भरलेलं असेल, तर जास्त दाब जाऊ देतो. रशियन मेकॅनिकांनी त्याचं नाव ठेवलं 'कल्दून', म्हणजे जादूगार. मागचा ब्रेक किती लावायचा हे ठरवणारं यंत्र इतकं गूढ वाटत होतं की त्याला जादूगार म्हणावं लागलं. पण ती जादू म्हणजे आपण मघाशी केलेला ६३० आणि २७० चाच हिशेब आहे.

याच फियाट १२४ ची बॉडी पुढे १९८५ मध्ये निसानच्या इंजिनासह कुर्ल्यातून प्रीमियर ११८ एनई म्हणून बाहेर पडली. तर चला, आता आपणही कुर्ल्यात येऊ.

कुर्ला, काळी-पिवळी आणि फुंकर

प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ ची. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांची. आधी क्रायस्लरच्या गाड्या, मग फियाट. १९६४ पासून फियाट ११००डी. सत्तरच्या दशकात तिचंच नाव आधी प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झालं. इटलीत ११००डी १९६६ मध्येच थांबली. आपल्याकडे तोच साचा विसावं शतक संपेपर्यंत चालला. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती, वीस वर्षांची मुदत संपल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली.

या टॅक्सींच्या मागच्या ब्रेकची देखभाल कोणी केली? रस्त्याकडेच्या गॅरेजांनी. ड्रम ओढून काढायचा, शू उतरवायचे, जुने लायनर तोडून नवे रिव्हेट करायचे, व्हील सिलिंडरचं वॉशर किट बदलायचं, ड्रमला चर पडले असतील तर लेथवर टर्न करून आणायचा, ब्रेक ऑइल भरून एअर काढायची. "दाब, दाब, दाबून धर" असं म्हणत एक पोरगा पेडलवर आणि उस्ताद चाकापाशी. एका दुपारचं काम. ही दुरुस्ती सोपी होती, म्हणून ती वेळेवर व्हायची. ड्रमच्या बाजूने हा मोठा मुद्दा आहे.

पण या गोष्टीची एक काळी बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय आम्हाला पुढे जाता येणार नाही. ड्रम काढला की आत काळी पूड साचलेली असते. पोरगा ती तोंडाने फुंकर मारून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायचा. फेरोडोने १९०८ मध्ये कापसाऐवजी ॲस्बेस्टॉसचे लायनर काढले, कारण ॲस्बेस्टॉस जळत नाही. जगभरच्या ब्रेकांत पुढची सत्तर-ऐंशी वर्षं तेच वापरलं गेलं. आणि ॲस्बेस्टॉसचे धोके माहीत नव्हते असं नाही. इंग्लंडमध्ये रोचडेल इथे ॲस्बेस्टॉसचं सूत कातणारी नेली कर्शॉ १९२४ मध्ये फुप्फुसाच्या विकाराने गेली, तेव्हा ती ३३ वर्षांची होती. तिच्यावर तपासणी करणाऱ्या डॉक्टरने त्याच वर्षी निबंध प्रसिद्ध केला. तरी ब्रिटनमध्ये पूर्ण बंदी यायला १९९९ साल उजाडलं, युरोपीय संघात २००५, आणि अमेरिकेत उरलेल्या ॲस्बेस्टॉसवरची बंदी २०२४ मध्ये जाहीर झाली. भारतात आयात केलेल्या ॲस्बेस्टॉसचा वापर अजून होतो.

तेव्हा १९८४ च्या गाडीचा ड्रम उघडताना आत ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चालावं. फुंकर नको, हवा नको, कोरडा ब्रश नको. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, तोंडावर चांगला मास्क हवा. नवे लायनर घेताना ॲस्बेस्टॉसरहित मागून घ्या. मागच्या ब्रेकमध्ये करण्याजोगी सर्वांत महत्त्वाची सुधारणा कुठली असं कोणी विचारलं, तर आम्ही ही सांगू. ती गाडीसाठी नाही, गाडीखाली बसणाऱ्या पोरासाठी आहे.

तर मग पत्राला उत्तर

आता नेमकं उत्तर. तुमच्या गाडीच्या दोन तक्रारी आहेत. पहिली, ओढणं. एका बाजूचा ब्रेक दुसरीपेक्षा कमी किंवा जास्त लागतोय. व्हील सिलिंडर अडकलाय, लायनरवर ऑइल सीलमधून तेल आलंय, एखादा होज आतून बंद झालाय, किंवा दोन्ही बाजू सारख्या सेट केलेल्या नाहीत. ओढण्याचं मूळ बहुधा पुढच्या चाकांत सापडतं, म्हणून आधी तिथे बघा. मागे डिस्क बसवून पुढचा अडकलेला सिलिंडर सुटणार नाही.

दुसरी, घाटात पेडल खाली जाणं. ड्रम फुगतो हे एक कारण. दुसरं कारण ब्रेक ऑइलचं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ प्रतीचं ताजं ऑइल २०५ अंश सेल्सिअसच्या आधी उकळत नाही. पण पाणी शोषल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरते. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल तळाला जातं. वर्षानुवर्षं न बदललेलं ऑइल घेऊन खंडाळ्याचा घाट उतरणं म्हणजे विषाची परीक्षा घेणं आहे. ऑइल बदला, ब्रेक सेट करा, आणि जुन्या ड्रायव्हरांचा नियम पाळा : ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरायचा नसतो.

आता गॅरेजवाल्याची सूचना. मागे डिस्क बसवल्या तर काय काय बदलावं लागेल ते मोजू. एक, डिस्कला ड्रमसारखं स्वतःला ओढून घेणं नसतं, त्यामुळे त्याच पायाला जास्त जोर लावावा लागतो. या गाडीला बूस्टर नाही. दोन, ड्रमसाठी बनवलेल्या मास्टर सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असू शकतो. तो तसाच राहिला तर डिस्कचे पॅड कायम घासत राहतात आणि तापतात. तीन, हँडब्रेकची नवी सोय करावी लागते. चार, आणि मुख्य, पुढचे ब्रेक जुनेच ठेवून मागचे जोरदार केले, तर पहिल्या पावसात ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतील, आणि गाडी त्या खेळण्यातल्या मोटारीसारखी फिरेल. दोन दिवसांच्या कामात 'जादूगार' बसवला जात नाही.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलांना आडकाठी करतं. बदलाआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्या, लेखी. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. तुमच्या गाडीला ते वय २०३४ मध्ये येईल. काढलेले मूळ ड्रम भंगारात गेले, तर तेव्हा हळहळ वाटेल.

आणि तरीही सुधारणा करायचीच असेल, तर इतिहासाने दाखवलेल्या क्रमाने करा. आधी मूळ ब्रेक पूर्णपणे नीट करा, चारही चाकांचे. बहुतेकांना तिथेच कळतं की गाडी चांगली थांबते. मग दुहेरी मास्टर सिलिंडरचा विचार करा. एक नळी फुटली तरी दुसऱ्या बाजूचे ब्रेक शाबूत राहतात. अमेरिकेत १९६८ पासून ही दुहेरी यंत्रणा मोटारींना सक्तीची झाली ती उगाच नव्हे. मग पुढे डिस्क, फियाटने केल्या तशा, आणि त्याही ब्रेकचा हिशेब कळणाऱ्या माणसाकडून. मागचे ड्रम सगळ्यात शेवटी, आणि बहुधा कधीच नाही.

वेळ होत आलीय. दोन प्रश्न आलेत, ते घेतो.

पहिला प्रश्न : "आजच्या बहुतेक महाग गाड्यांना मागे डिस्कच असतात, मग ते चुकतात का?" नाही. त्यांच्याकडे एबीएस आहे. प्रत्येक चाक लॉक होतंय का हे संगणक सतत पाहतो आणि दाब कमी-जास्त करतो. रशियन जादूगाराचं काम आता तो करतो. जुन्या गाडीत तो नाही, म्हणून तिथे तो हिशेब माणसाने आधीच करून ठेवावा लागतो. आणि आजही स्वस्त, हलक्या गाड्यांत मागे ड्रम सर्रास दिसतात. ते पुरतात म्हणूनच दिसतात.

दुसरा प्रश्न पत्रलेखकांचाच आहे, ते आज ऑनलाइन हजर आहेत : "म्हणजे गॅरेजवाल्याला नाही म्हणू?" त्याला नाही म्हणू नका. त्याला म्हणा, दादा, आधी चारही ड्रम उघडू, ओल्या फडक्याने पुसू, आणि काय दिसतं ते दोघं मिळून बघू. चांगला मेकॅनिक असेल तर त्यालाही हेच आवडेल.

पुढच्या व्याख्यानात आपण टायरकडे जाऊ, कारण ब्रेक कितीही चांगला असला तरी शेवटी रस्त्याला टेकतो तो टायरच.